‘इतर’ नावाचा फोल्डर

पडद्यावर लिहिलेलं होतं: rkuck gtj.

अंकितनं कपाळ चोळलं. “हा कचरा आहे, ताई. अकराशे चौसष्ट फायली अशाच. सगळ्या खराब.”

अंकित नागपूरचा. आर्वी रोडवरच्या आमच्या जिनिंग फॅक्टरीचे सगळे कागद जुन्या कॉम्प्युटरांतून काढून नव्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर लावायचं काम मालकानं त्याला दिलं होतं. तीन दिवसांत त्यानं आठ हजार फायली चढवल्या. खरेदी, विक्री, मशीन, वाहतूक, प्रत्येकाला आपापला फोल्डर. उरलेलं सगळं ऑफिस मॅनेजर बंडूजीनं एका फोल्डरात कोंबायला लावलं. त्याचं नाव: इतर.

इतर म्हणजे आम्ही. कापसातून सरकी काढायच्या मशीनी, म्हणजे रेचे, चालवणारे, रुईच्या गाठी बांधणारे, सरकी उचलणारे आणि त्यांची हजेरी टाइप करणारी मी, नालवाडीची रक्षा. मालकाच्या गाडीच्या विम्याला वेगळा फोल्डर. वीस-वीस वर्षं ज्यांच्या फुफ्फुसात रुई गेली, ते इतर.

“खराब असन तं उडवून टाक,” बंडूजी म्हणाले. “पाच वाजता भंगारवाला येते. हा कॉम्प्युटरचा डब्बा त्याले देऊ.”

एवढ्या आनंदानं या माणसानं आजवर कोणतंच काम सांगितलं नव्हतं. पुढच्या सोमवारी वर्ध्याला कामगार कार्यालयात त्रेचाळीस जणांची सुनावणी होती. आम्ही जुने आहोत, आम्हाला कायम करा, एवढंच त्यांचं म्हणणं. कंपनी म्हणत होती, २०१६ च्या आधी तुम्ही इथं होता याचा एक कागद दाखवा. हजेरीचं मस्टर कुठं गेलं? वाळवीनं खाल्लं, बंडूजी सांगत. वाळवीही मोठी हुशार. फक्त मजुरांचंच मस्टर खाते.

आणि कॉम्प्युटर? २०१६ मध्ये हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं आणि माझा कॉम्प्युटर बंडूजीच्या खोलीत कुलपात गेला. “तो मेला,” असं ते सांगत. मेलेला डब्बा अंकितनं वायर लावताच उठून बसला होता.

मी पडद्याकडे पाहिलं. मग माझी बोटं आपसूक टेबलावर चालायला लागली. डाव्या हाताची तर्जनी वर. उजवं मधलं बोट. उजवी तर्जनी वर. डावं मधलं खाली. परत उजवं मधलं.

“पेटी वाजवून राह्यली का, रक्षाबाई?” बंडूजी हसले.

“कचरा नाई हा,” मी म्हटलं. “तानबा हाय. तानबा हजर.”

अंकित वळला. “काय?”

“जुना मराठी फॉन्ट हाय, भाऊ. इंग्रजी बटन दाबलं की मराठी अक्षर उमटे. तुह्या नव्या कॉम्प्युटरात तो फॉन्ट नाई, म्हणून नुसते बटनं दिसून राह्यले. अक्षरं जिवंत हायेत.”

“थापा,” बंडूजी म्हणाले. “हे वाच बरं.” त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी टेबलावर बोटं चालवली. “तानाबाई, गैरहजर. बाळंतपण.”

बंडूजीनं तव्याला लागल्यासारखं बोट उचललं.

“उडवू नको, अंकित,” मी म्हटलं.

“उडव! मी सांगतो ना!”

अंकितनं शांतपणे मालकाचं पत्र उघडलं. “सर, यात लिहिलंय, एकही कागद सुटता कामा नये. प्रत्येक कामगाराला आपली हजेरी मोबाइलवर दिसली पाहिजे. खाली तुमचीबी सही आहे. अन् उडवलं तर कोणी उडवलं, कधी उडवलं, ते नावासकट दिसते तिथं. तुमच्या नावानं उडवू का?”

बंडूजी पाणी प्यायला गेले.

अकरा वाजल्यापासून आम्ही बसलो. मी एकेक बटन सांगितलं, अंकितनं तक्ता केला, मग फायली एकदम नव्या अक्षरांत बदलणारा प्रोग्राम लिहिला. पहिल्या फटक्यात किसनचा ‘िकसन’ झाला आणि सूर्यभानचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला.

“काऊन चुकलं?” अंकितनं विचारलं.

“आम्ही पहिली वेलांटी आधी मारतो, अक्षर मागून. अन् रफार सगळ्यात शेवटी.”

“उलटाच कारभार तुमचा!”

“कारभार बरोबर होता. वाचणारे उलटे होते.”

पावणेपाचला शेवटची फाईल उघडली. अकराशे चौसष्ट. एकही सुटली नाही. भंगारवाला दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, “हा डब्बा सोमवारी वर्ध्याले येते. तू जाय.”

शिफ्ट सुटली. रेच्यावरचे तानबाजी आले, केसांत रुई तशीच. “बाई, माह्यं नाव हाय ना त्यात?”

मी त्यांच्या मोबाइलवर नवा प्लॅटफॉर्म उघडला, बोलून शोधायचं बटन दाबलं आणि हातात दिला. “बोला नाव.”

“कोणाले बोलू?”

“यालेच. जोरात.”

साठीच्या त्या माणसानं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि रेच्याच्या आवाजात ओरडायची सवय असलेल्या गळ्यानं आरोळी दिली, “तानबा!”

पान उघडलं. १ जून २००३. तानबा, हजर.

“हजर,” त्यांनी वाचलं. मग परत, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं, “मी हजर हाय म्हणते हा मोबाइल!”

मग कोणी थांबेना. तानाबाई ओरडली, किसन ओरडला, सूर्यभान रफारासकट ओरडला. गेटवर अशी हजेरी कधी झाली नव्हती.

अंकितनं मला हाक मारली. “ताई, फोल्डरचं नाव काय ठेवू?”

“कामगार. अन् सगळ्यात वर ठेव.”

त्यानं फायली हलवल्या. पडद्यावर ‘इतर’ उरला, रिकामा.

“हा उडवू?”

बंडूजी दारात येऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“राहू दे,” मी म्हटलं. “आता साहेबायले लागन.”