शिडी मागितल्याची तक्रार

सासूबाईंनी वॉर्डाच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून अर्ज भरला, तेव्हाच सुनेने हात जोडले होते.

"आई, मी सरकारी नोकरीत आहे. मला यात ओढू नका. पत्रक वाटायचं नाही, सभेला जायचं नाही, कुणाला 'लक्ष असू द्या' एवढंसुद्धा म्हणायचं नाही. नोकरीवर गदा येईल."

"तुला कोण बोलावतंय?" सासूबाई म्हणाल्या. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून दरारा गाजवलेली बाई. त्यांना नियम सांगायची सवय, ऐकायची नव्हे.

सून वीजखात्यात मीटर रीडिंग घ्यायची. रोज घरोघर फिरायचं. आता प्रत्येक दारात एकच प्रश्न, "काय, निवडून येणार का सासूबाई?" ती तोंडाला कुलूप घालून आकडा टिपायची. त्यावरही लोक कुजबुजायचे, "सासूला निवडून द्यायचं सुनेचंच मन दिसत नाही!"

त्यात सासूबाईंना चिन्ह मिळालं शिडी. एका जुन्या इमारतीत मीटर पार छताला टेकलेला. सवयीने ती बोलून गेली, "काका, शिडी आहे का हो?"

दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर तक्रार. वीजखात्याची बाई ड्यूटीवर शिडीचा प्रचार करते.

"शिडी कशाला म्हणायचं?" साहेब कपाळ चोळत म्हणाले. "स्टूल मागायचं."

"स्टूल समोरच्या उमेदवाराचं चिन्ह आहे, साहेब."

"मग खुर्ची?"

"तीही गेली."

"अहो, मग चढायचं कशावर?"

"तेच तर मी विचारतेय!"

साहेबांना हसू आलं. तोंडी समज देऊन ते प्रकरण मिटवणारच होते, एवढ्यात बाहेर ओळखीचा आवाज कडाडला. तक्रारीची बातमी घरापर्यंत पोचली होती.

"माझ्या सुनेला कोण छळतंय? कष्टाची पोर आहे ती!" सासूबाई बिलाच्या रांगेसमोर उभ्या राहून गरजत होत्या. रांग वळून ऐकू लागली, तसा त्यांना चेव चढला. "मला निवडून द्या, मग बघते या लोकांकडे!" कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

साहेबांचं हसू मावळलं. सरकारी कचेरीत भाषण, तेही हिच्या निमित्ताने. सुनेला लेखी ताकीद मिळाली. शिवाय मतदान होईपर्यंत बंद पडलेल्या मीटरच्या खोलीत बसायची शिक्षा. दिवसभर धूळ आणि शिंका.

त्या संध्याकाळी ती फुटली. "आई, तुम्ही मला वाचवायला आलात की बुडवायला?"

नवरा तत्परतेने आंघोळीला गेला.

"मला वाटलं, घरचं कुणीतरी तुझ्या पाठीशी उभं राहावं," सासूबाई पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"पाठीशी नका राहू. लांब राहा!"

मग त्या खरंच लांब राहिल्या. उरलेल्या प्रचारात सुनेचं नावही काढलं नाही, आणि थोडक्यात का होईना, निवडून आल्या. दारात कार्यकर्ते नाचत होते. फोटोत सापडू नये म्हणून सून स्वयंपाकघरात खिडकी लावून उकाड्यात बसली होती. गळ्यातले हार सावरत सासूबाई आत आल्या, दार लोटलं आणि तिच्याशेजारी बसल्या.

"मला मत दिलंस ना गं?"

"मतदान गुप्त असतं, आई."

"अगं, आता तर घरातच आहोत!"

 सुनेने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.