एका झटक्यात ट्रॅक्टर

मी एक जुना खेळण्यातला रोबो आहे. कोपऱ्यांवरचा माझा निळा रंग उडालाय आणि एक डोळा पुसट झालाय. पण मित्रांनो, माझं डोकं खाली दाबलं की मी आजही खटकन ट्रॅक्टर होतो!

माझा जन्म चितेगावच्या एका लहान कारखान्यात झाला. मला घडवलं मेघाताईनं. तिला लहानग्यांसाठी रोबो करायचा होता. तिनं मला ना टोचणारा कोपरा ठेवला, ना गिळता येईल असा सुटा भाग. डोकं दाबलं की ट्रॅक्टर, मागची चाकं ओढली की पुन्हा रोबो. बस्स!

एके दिवशी कारखान्याचे मालक काकासाहेब यांनी मला सुदर्शनशेठच्या हाती दिलं. शहरातल्या बऱ्याच दुकानांना ते खेळणी पुरवत. त्यांनी मला एकदाच दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

“एवढंच? हे तर लई सोपं झालं. पोरं दोन मिनिटांत फेकून देतील. मी नाय घेणार.”

काकासाहेबांचा चेहरा उतरला. “मेघा, मग बंदच करू या हे काम,” ते म्हणाले. माझ्यासारखा दुसरा रोबो आता जन्मालाच येणार नव्हता.

मेघाताई मात्र मागं हटली नाही. “काका, हे तुमच्या-माझ्यासाठी थोडंच केलंय? चार वर्षांच्या लेकरांच्या हातात द्या, मग ठरवा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे शहराच्या छावणी भागातल्या एका बालवाडीत गेलो. सुदर्शनशेठनं सोबत एक झगमगीत लाल रोबो आणला होता. त्याचं रूप बदलायला बारा घड्या घालाव्या लागत. मुलं आधी त्याच्यावरच तुटून पडली. मी गुपचूप सतरंजीवर पडून राहिलो. थोड्या वेळानं मोनालीच्या हातात त्याचा निखळलेला हात आला आणि तिनं भोकाड पसरलं. मग प्रणयनं मला उचललं आणि थेट फरशीवर आपटलं. मी टणकन उडालो, पण तुटलो नाही!

घरंगळत मी सम्यकपाशी गेलो. त्याच्या बोटांत जोर कमी होता. डब्याचं झाकण असो की शर्टाचं बटण, तो मुकाट्यानं बालवाडीच्या रत्नमालाबाईंपुढं धरायचा. मलाही त्यानं त्यांच्यापुढं धरलं. बाईंनी हात मागं घेतले.

“तूच बघ की रे, राजा.”

सम्यकनं माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. एकदा दाबलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा तो गुडघ्यांवर उभा राहिला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. खट्! मी ट्रॅक्टर झालो.

“बाई, म्या केलं! म्या!” तो केवढ्यानं ओरडला! मग डोळे पुसणाऱ्या मोनालीला त्यानं स्वतः शिकवलं, “आसं दाब. व्हय, आसंच!”

सुदर्शनशेठ सम्यकजवळ आले. मग सतरंजीवर मांडी घालून म्हणाले, “सम्यकराव, आम्हालाबी शिकवता का?”

बाईंनी माझी एक उणीवही दाखवली. मागच्या सांध्यात चिमुकलं बोट चिमटण्याची भीती होती. मेघाताईनं ती फट बुजवली. आणि महिनाभरात माझी निळी भावंडं खोकी भरभरून दुकानांकडं निघाली!

मी बालवाडीतच राहिलो. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला अंगणात सगळे विसरले. सांध्यांत वाळू भरली, मी घट्ट अडकलो. शाळा उघडली तेव्हा रत्नमालाबाईंनी मला पाण्यात बुडवून जुन्या ब्रशनं घासलं आणि मी पुन्हा चालू लागलो. तेवढी निगा तुम्हीही आपल्या खेळण्यांची राखा.

आणि मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या धाकट्या भावंडाचं एखादं खेळणं अडलं, तर ते त्याच्या हातातून हिसकावू नका. जरा शेजारी बसा. वाट बघा. जिंकताना तुमचं भावंड कसं दिसतं, ते तुम्हाला अगदी जवळून बघायला मिळेल!