येळवशीला पाठीवर पिशवी

पिशवी मी शिवली ती पलटणीचं बघून. पोलिस ॲक्शनच्या साली शिपाई आमच्या तामलवाडीवरून गेले, तवा सगळं गाव त्यांच्या बंदुका बघत होतं. मी बघत होते त्यांच्या पाठी. सगळा संसार पाठीवर, दोन पट्टे खांद्यात आन दोन्ही हात मोकळे! बायकांना हे कुणी सांगितलंच न्हाय. आमचा जन्म डोईवर पाटी आन एक हात त्या पाटीला, ह्यातच गेला. नऊ वर्षं ते डोक्यात घोळत होतं. यंदा दिवाळी झाली, गोणपाट घेतलं, बैलाच्या जुन्या झुलीचे पट्टे लावले आन दाभणानं शिवून मोकळी झाले. गाव हसलं. गावाला दुसरं काय येतं?

जायचं कुठं, ते बिराप्पानं सांगितलं. दर साली हा आमच्या रानात मेंढरं बसवतो.

"आई, त्या पल्याडच्या डोंगराच्या पोटात एक कपार हाय. बारमाही पाणी."

"देव कोणचा तिथं?"

"देव न्हाय."

"आन पुजारी?"

"देवच न्हाय तर पुजारी कशाला बसंल?"

"म्हंजे नारळवाले, रांगा, धक्काबुक्की, कायच न्हाय?"

"घोरपडी हायेत."

तिथंच माझं ठरलं. तुळजापूर आम्हाला अंगणासारखं. भवानीआईला मी कधी चुकले न्हाय, पण खरं सांगते, गेली कैक सालं मला तिचं तोंड दिसलं न्हाय, पुढच्या माणसांची टाळकीच दिसली. सोनारीच्या भैरोबाला गेले, तिथंबी तीच गत. सत्तावन्न वर्षं झाली, पण जिथं कुणीच जात न्हाय अशा जागी मी एकदाबी गेले नव्हते.

दिवस निवडला येळवशीचा, मार्गशीर्षातल्या अवसेचा. एरवी मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मागून हाका: आई, लसूण कुठाय? आई, म्हैस पान्हवंना! येळवशीला सगळं गाव आपापल्या रानात असतं. कडब्याची कोप उभारायची, त्यात पाच दगडांची पांडवं पुजायची, भाज्या घोटून केलेली भज्जी आन आंबील खायची. वाट मोकळी, डोंगर मोकळा.

थोरला ल्योक उत्तरेश्वर भडकला. "अवसेला कुणी घर सोडतं का? आन आपल्या कोपीत कोण वाढणार?"

"तुझी बायकू. तीस वर्षं म्या भज्जी घोटली, एक साल तिला घोटू दे."

मग त्यानं अट घातली, अगदी वकिलावाणी. दिवस बुडाला की कडब्याची पेंडी पेटवून पिकाभोवती फिरवतात, तो हेंडगा. शिवारात पहिला हेंडगा दर साली आमचा, आन उत्तरेश्वरला त्याचा लई तोरा. "आपला हेंडगा पेटायच्या आत आलीस तर पुढं कुठंबी जा, म्या आडवणार न्हाय. न्हाय आलीस, तर ती पिशवी माळ्यावर. मग जायचं ते गाडीत बसून, माझ्यासंगं."

माझ्यासंगं म्हंजे तुळजापूर. रांगेत. कबूल म्हणाले.

सोबतीला नणंद हरणाबाई, परंड्याहून आलेली. माझ्याहून चार वर्षांनी थोरली आन जिभेनं चाळीस. उजाडायला निघालो. तांब्या, घोंगडी, दोन भाकरी पिशवीत टाकल्या.

"मथुरे, पाठीवर पोतं घेऊन चाललीस. माझा दादा असता तर बायकूला काय म्हणला असता?"

"म्हणले असते, माझा अडकित्ता तेवढा टाक त्यात."

वन्सं हसल्या आन तांबडं फुटलं. पाय असे उचलत होते म्हणता! हात हलवत चालणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. ओढा आला, दोन्ही हातांनी लुगडं धरलं. बोर आली, दोन्ही हातांनी बोरं तोडली. वन्सं दर शंभर पावलांवर म्हणायच्या, "आता माझ्या पाठीवर दे की!"

पण चूक माझीच झाली होती. शिवार ओलांडलं की पुढं निव्वळ माळ, असं मी धरून चालले. मी सासरी आले तवाचा तो माळ. तवापासून लोकांनी दगड येचून, बांध घालून त्याचं रान केलं, हे मला कुठं ठाऊक? टेकाड चढून बघते तर काय, जिकडं तिकडं कोपी! आन येळवशीला वाटसरू दिसला की त्याला जेवल्याबिगर सोडत न्हाईत. न्हाय म्हणायची सोय नसते. त्या घराच्या पिकाचा तो अपमान.

"बर्री अव्वा, बर्री!" पहिल्याच बांधावरनं बंडप्पा नावाचा माणूस कानडीत 'या आई, या' म्हणत, हात करत धावला. बसलो. भज्जी, बाजरीचे उंडे, गार आंबील. हात धुऊन उठलो, तर पुढच्या बांधावर इरम्मा म्हणून बाई वाट अडवून उभी. "तिकडं खाल्लं, आन माझी भज्जी काय कडू हाय?" तिथंबी बसलो. तिसऱ्या कोपीतनं निघालो तवा सूर्य डोक्यावर, वन्सं पोटाला हात लावून बांधावर टेकलेल्या आन समोर अजून पाच कोपी.

"मथुरे, हितंच निजू दे. माळ्यावर टाक ती पिशवी आन त्यात मलाबी टाक."

डोंगर समोर दिसत होता, आन भज्जीनं मला हरवायचं? चौथ्या बांधावरची माणसं धावत आली, तशी मी पिशवीच पुढं केली.

"ह्यात बांधून द्या."

"येळवस बांधून देतात व्हय, आजी? बसून खायची असती."

"बसून खाल्लं तर तुमचं एकट्याचं रान पिकंल. चालत खाल्लं तर सांडंल तिथवर पिकंल. टाका!"

ती माणसं हसत सुटली. पळसाच्या पानात उंडे आले. मग पुढच्या सगळ्या कोपींना तोच मंत्र. हात मोकळे होते म्हणून एकेक उंडा मोडून खरंच सांडत गेले. शब्द दिला होता.

दरीत उतरलो आन एकदम गार लागलं. आधी आवाज आला, टप टप टप, मग वळणावर कपार. देवळाच्या सभामंडपाएवढं दगडाचं छत, त्यावर हिरवं शेवाळ, आन छतातनं धारा गळतायत खालच्या कुंडात. पाणी असं निवळ की तळाचे खडे मोजावेत. वरती आग्यामोहोळं लोंबत होती. माणूस न्हाय, नारळाची करवंटी न्हाय, कुंकवाचं बोटसुद्धा न्हाय! मी लुगड्यासकट कुंडात शिरले. वन्सं आधी "थंडीनं मरशील" म्हणाल्या, मग माझ्या मागनं शिरल्या.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी तोंडाला हात लावून ओरडले, "मथुरा!"

"मथुरा...!" कपार म्हणाली.

आई म्हणतात, काकी म्हणतात, आत्याबाई म्हणतात. वन्सं सोडल्या तर मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं न्हाय. तेवढ्यात वन्सं घसा फाडून ओरडल्या, "हरणी!" आन आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या पाण्यात पोटं धरधरून हसलो.

मग ध्यानात आलं, छताच्या कडेला ऊन तांबूस झालं होतं.

तांब्या भरला, फडक्यानं तोंड बांधलं आन वर चढलो ते जवळजवळ पळतच. वन्संचा गुडघा कुरकुरायला लागला, तशी मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात दिवस बुडाला. अवसेची संध्याकाळ, चांदणं कुठलं? वाट दिसंना. आन समोर, एकामागनं एक, हेंडगे पेटले! पोरं आरोळ्या देत बांधाबांधानं पळतायत, सगळा माळ उजळून निघालेला.

"गेली माझी पिशवी," मी म्हणाले.

"चल तर खरी," वन्सं म्हणाल्या.

बंडप्पानं आम्हाला ओळखलं. पेटती पेंडी हातात दिली. "अव्वा, ह्याच्या उजेडात जा." ती घेऊन आम्ही आमच्या शिवाराकडं सुटलो. आजूबाजूची सगळी रानं धडधडत होती. एकच रान काळंकुट्ट होतं. आमचं.

उत्तरेश्वर बांधावर उभा. बाजूला पेंडी बांधून तयार, पण पेटवलेली न्हाय. सून तोंडाला पदर लावून उभी होती.

"अजून पेटवला न्हाईस?" मी विचारलं.

"काड्याची पेटी सापडंना," तो मान वळवून म्हणाला.

माझ्या हातातल्या उजेडात त्याच्या सदऱ्याचा खिसा मला लख्ख दिसला. पेटीचा चौकोन वर आला होता. शिवारातला पहिला हेंडगा ज्याचा, तो आज सगळ्यांच्या मागनं.

माझी पेंडी त्याच्या पेंडीला टेकवली. कडबा भडकला, तशी सगळ्यांची तोंडं दिसली.

हेंडगा उचलून तो निघणार, तेवढ्यात थांबला. "आई, तिथं खरंच पाणी हाय?"

मी तांब्याचं फडकं सोडलं. "पी आन सांग."

तो प्याला, उरलेलं बायकोला दिलं आन हेंडगा घेऊन पिकाभोवती पळत सुटला. मी पाठीवरची पिशवी उतरवून वन्संच्या खांद्यात अडकवली.

"घ्या, वन्सं. परंड्याच्या किल्ल्याला तुमची पाळी."