हळू फिरणारी तबकडी

माझे आजोबा सोफे दुरुस्त करतात. पण त्याआधी, म्हणजे आईचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, ते एका हार्ड रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. तुम्ही त्या बँडचं नाव ऐकलेलं असणं शक्यच नाही. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली आणि तिच्यावरचं एकही गाणं त्यांचं स्वतःचं नव्हतं. दुसऱ्यांची गोडगोड, नाचरी गाणी घ्यायची आणि अशी वाजवायची, की कुणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत नेतंय असं वाटावं. तेव्हा एका पेपरात छापून आलं होतं, ‘या पोरांची हिंमत बघा!’ ते कात्रण दुकानाच्या भिंतीवर, रेक्झिनच्या नमुन्यांशेजारी अजून आहे.

ही सगळी माहिती मी यंदा अख्ख्या शाळेला दिली. विचारलेलं नसताना दिली. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ म्हणायलाही लाजायचे, त्यामुळे बाईंना वाटलं असेल, हिला झालंय तरी काय! झालं होतं एवढंच, की आजोबांनी माळ्यावरचे ड्रम खाली काढून मला दिले होते.

मग मी बँड काढला. गायला चिमणी, जिचा आवाज इतका बारीक आहे की तिला फोनवर सगळे ‘बाळा, आईला दे’ म्हणतात. गिटारला चष्मिश. आणि ड्रमवर अर्थात मी! शाळेच्या कार्यक्रमात आजोबांच्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं वाजवायचंच, असं मी जाहीर करून टाकलं. आता ते झालं नसतं तर मला परत मागच्या बाकावर जाऊन बसावं लागलं असतं, आणि तिथे मला मुळीच जायचं नव्हतं.

संगीताच्या बाईंची निवडीची अट साधी होती. गाणं पाच मिनिटांत संपवायचं. घंटा वाजली आणि तुम्ही अजून वाजवताय, तर घरी जा.

आम्ही ते गाणं चष्मिशच्या घरी बसून शिकलो. आजोबांना सांगून त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर मी नेला होता, पण गाणं कुठलं ते सांगितलं नव्हतं. चकित करायचं होतं ना. रेकॉर्डवरचा सूर इतका खाली होता, की चष्मिशला गिटारच्या तारा सैल करत करत पार लोंबकळत्या कराव्या लागल्या. चिमणी तर बैलासारखी हंबरायला शिकली. तिच्या आईने दोनदा काढा दिला.

निवडीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळं सामान घेऊन दुकानात गेलो. आजोबा एका उघड्या सोफ्याच्या स्प्रिंगा बांधत होते, ओठांत बारीक खिळे धरून. शेजारी जाड्या आजोबा चहा पीत बसले होते. हे त्यांच्या बँडचे गिटारवाले. काडीसारखे आहेत, म्हणून जाड्या.

आम्ही वाजवायला लागलो. पहिल्या कडव्यातच आजोबांचा हातोडा थांबला. दुसऱ्या कडव्यात जाड्या आजोबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, गहिवरले!

आजोबांनी तोंडातले खिळे हातावर काढले. “हे कुठून शिकलात गं?”

“तुमच्याच रेकॉर्डवरून.”

“लावली कशावर?”

“तुमच्याच प्लेअरवर.”

आजोबांनी जाड्या आजोबांकडे बघितलं. जाड्या आजोबा म्हणाले, “अरे, तू त्याचा पट्टा बदलला नाहीस?”

“मी? तू बदलणार होतास!”

“मी म्हणालो होतो, बघतो!”

“मग बघितलंस का?”

आणि दोघं जे हसत सुटले! आजोबा तर स्प्रिंगांवरच बसले, त्यामुळे हसताना वरखाली होत होते.

मग कळलं ते असं. त्या प्लेअरचा रबरी पट्टा पहिल्यापासून सैल. तबकडी फिरायची, पण रमतगमत. हे लोक सगळी नाचरी गाणी त्याच्यावर ऐकून शिकले. त्यांना वाटलं, मूळ गाणीच अशी जड आहेत! रेकॉर्ड निघाली आणि नंतर कुणाच्या तरी घरी रेडिओवर त्यांनी खरं गाणं ऐकलं.

“हा म्हणाला, रेडिओ बिघडलाय,” आजोबा डोळे पुसत म्हणाले.

आणि आम्ही ते जड गाणं त्याच प्लेअरवर लावून आणखी जड करून ठेवलं होतं. म्हणजे आता कपाटात हत्तीपण होता.

मला मात्र हसू येईना. “म्हणजे हिंमत वगैरे काही नव्हतीच? मी सगळ्यांना सांगितलंय, आजोबा!”

“होती की,” जाड्या आजोबा म्हणाले. “रेडिओ ऐकल्यावर पुढच्या कार्यक्रमात आम्ही गाणं बरोबर वाजवलं. झकास वाजवलं. दुसऱ्या कुठल्याही बँडसारखं. तुझ्या आजोबांनी मधेच काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, मला हे आवडत नाहीये. मग लोकांसमोर पहिल्यापासून सुरू केलं. आमच्या वेगानं.”

“निम्मे उठून गेले,” आजोबा म्हणाले.

“निम्मे बसले ना!”

चष्मिशने घड्याळ दाखवलं. “ते ठीक आहे, पण आपलं हे आठ मिनिटांच्या वर जातंय. वेग वाढवू या. घंटेच्या आत बसेल.”

वाढवून बघितला. बसलं. पण भरभर हंबरता येईना, म्हणून चिमणीचा आवाज परत चिमणीसारखा झाला, आणि मला ते वाजवताना माझ्या आवडीच्या गाण्याकडे बंद खिडकीतून बघितल्यासारखं वाटलं. मी काठ्या खाली ठेवल्या. आजोबा परत स्प्रिंगा बांधायला लागले, पण हातोडा आमच्या जुन्या वेगाने पडत होता. लबाड!

दुसऱ्या दिवशी आम्ही हत्ती, कपाट, सगळं घेऊन बाईंसमोर गेलो आणि एकच कडवं वाजवलं. एक! पण पूर्ण वजनाने. चिमणी हंबरली तेव्हा खिडकीची काच थरथरली. बाईंचा हात घंटेवर होता. आम्ही थांबलो तरी तो तिथेच होता.

“बाकीचं गाणं कुठंय?” बाईंनी विचारलं.

“बाई, पाच मिनिटांत मावत नव्हतं.”

“मग थोडं भरभर वाजवायचं.”

“तसं वाजवून बघितलं, बाई. आवडलं नाही.”

माझाच आवाज तो! बाईंनी आम्हा तिघींकडे चष्म्यावरून बघितलं. मग घंटा उचलून टेबलाच्या खणात टाकली.

“तुम्हाला सगळ्यात शेवटी ठेवते. पूर्ण वाजवा. त्यानंतर नुसत्या खुर्च्याच उचलायच्या असतात.”

आम्ही धावतच दुकानात आलो. जाड्या आजोबा आधीच येऊन बसले होते आणि त्यांच्या तळहातावर एक नवा कोरा रबरी पट्टा होता.

“आत्ता आणलास होय!” आजोबा म्हणाले.

“म्हणालो होतो ना, बघतो.”

ते प्लेअरकडे वळले, तसा मी झडप घालून त्यांच्या हातातला पट्टा घेतला. प्लेअरला हात लावू देणार नाही, म्हटलं. आणि त्याने माझी पोनीटेल बांधली. दोन वेढ्यांत घट्ट बसली, ड्रम वाजवताना एकही केस तोंडावर येत नाही.