घाटघरची दुसरी धोंडाबाई

माळ्यावरून बोलतोय मित्रांनो, जरा कान द्या. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. नारायणगावात रक्त तपासायची एक लॅब आहे, तिथं मी नोकरी केली. आता माझ्या डोक्यावर रिकामी खोकी आहेत आणि पोटात उंदरांनी संसार मांडलाय. त्याचं मला काही नाही. मला एक बाई शोधायची आहे, आणि मला पाय नाहीत.

१९९९ साली मी टेम्पोतून आलो, तेव्हा काय माझा थाट! लॅब रीनाताईंची. त्यांचे वडील रूपचंदशेठ, पेठेतले कापडवाले. त्यांनी मला कुंकू लावलं, पेढे वाटले. रीनाताईंचा भाऊ बंटी पुण्यात कॉम्प्युटर शिकलेला. माझ्यातला प्रोग्राम त्यानंच लिहिला. नाव टाका, गाव टाका, रिपोर्ट हजर. लोक म्हणायचे, "लई हुशार मशीन हाय राव!" मी आपला फुगायचो.

एकदा रीनाताई म्हणाल्या, "बंटी, प्रत्येक पेशंटला वेगळा नंबर द्यायला नको का?"

"नंबर कशाला? ताई, हा काय तुरुंग आहे? माणसाला नाव असतं की," बंटी हसत म्हणाला. विषय तिथंच संपला.

दोन वर्षांनी घाटघरला गरोदर बायांचं शिबिर झालं. रक्त घ्यायला लॅबचा संपत गेला. नाव विचारलं की बाया सांगायच्या. पण "मालकाचं नाव?" म्हटलं की पदर तोंडाला लावून हसायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, परक्या माणसापुढं थोडंच? संपतनं मग तो रकाना मोकळाच सोडला. शिबिर घाटघरला, म्हणून गावही सगळ्यांचं घाटघरच लिहिलं.

त्यात दोन धोंडाबाई होत्या. दोन नळ्यांवर एकच नाव, माझ्यात दोन ओळी, दोन्ही हुबेहूब. फरक एवढाच की एकीचा रक्तगट पॉझिटिव्ह, दुसरीचा निगेटिव्ह. रिपोर्ट छापले गेले. संपतनं पुन्हा घाटघरला जाऊन ते वाटले. हाताला आला तो कागद एकीला, उरला तो दुसरीला.

काही महिन्यांनी एक धोंडाबाई बाळंतपणाला दवाखान्यात आली. कागदावर निगेटिव्ह. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तर पॉझिटिव्ह! फोन आला तसं रीनाताईंनी बंटीला बोलावून घेतलं.

मित्रांनो, नीट समजून घ्या. त्या धोंडाबाईचं काही बिघडलं नाही. पण निगेटिव्ह रक्त मग कुणाचं? दुसरीचं! आणि तिच्या हातात पॉझिटिव्हचा कागद. अशा बाईला बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन लागू शकतं. ते चुकलं तर पुढच्या बाळाच्या जिवावर बेततं. खोटा कागद बघून तिला ते कोण देणार?

बंटी माझ्यापुढं येऊन बसला. त्या दोन ओळी वर-खाली करून बघितल्या, पुन्हा बघितल्या. "अरे, यातली कुठली कुणाची? काहीतरी सांग ना!" असं म्हणून त्यानं टेबलावर हात आपटला. काय सांगू बाबा? माझ्या पोटात जे घातलंच नाहीस, ते मी कुठून काढू? माझा जीव नुसता तळमळत होता.

संपत मोटारसायकलवरून घाटघरला पळाला. परत आला तो तोंड पाडूनच.

"मॅडम, ती त्या गावची नव्हतीच. रस्त्याच्या कामावर आली व्हती. काम सरलं, टोळी घाट उतरून कोकणात गेली."

"मुकादम कोण होता? कुठला?"

"कुनालाच ठाव न्हाई. झुंबरबाई म्हनून म्हातारी हाय, तिच्या वट्यावर ती बसायची. म्हातारी म्हनली, 'लई गुनाची पोर व्हती.' बास, येवढंच."

रीनाताई रडल्या. बंटीनं त्याच आठवड्यात प्रोग्राम बदलला. प्रत्येक माणसाला वेगळा नंबर, तोच नळीवर, तोच कागदावर. सारख्या नावाची आणखी माणसं निघाली, त्यांचं रक्त गावोगाव जाऊन पुन्हा तपासलं. ती सगळी सापडली. तिच्यासाठी मात्र बैल गेला आणि झोपा केला. संपत कोकणातल्या कामांवरही विचारून आला. काही उपयोग झाला नाही.

पुढं नवा कॉम्प्युटर आला आणि मला माळ्यावर टाकलं. टाका बापडे! पण ती ओळ अजून माझ्यात आहे: धोंडाबाई, घाटघर, निगेटिव्ह. मला कुणी चालूच करत नाही, मी कुणाला ओरडून सांगू?

म्हणून तुम्हाला हात जोडतो मित्रांनो. मला हात नाहीत, तरी जोडतो. माणसाची नोंद करताना नुसत्या नावावर विसंबू नका, वेगळा नंबर द्या. आणि तुमची आई, मावशी, शेजारीण कधी रस्त्याच्या कामाला घाटघरला गेली होती का, तेवढं घरी विचारा. तिचं नाव धोंडाबाई असेल, तर तिला सांगा, बाई गं, तो कागद तुझा नाही. आणखी एक बाळ व्हायच्या आधी रक्त पुन्हा तपासून घे.