न वाचता केलेली सही

चष्म्यांच्या दुकानाच्या मालकिणीचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा नवरा गेला याचं तिला फारसं वाटलं नाही. अर्धं दुकान गेलं याचं मात्र फार वाटलं. लेन्स घासायचं मशीनही त्याच अर्ध्यात गेलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हिने दुसऱ्या लग्नाआधी ताक थेट वकिलाकडे पाठवलं. वकील म्हणजे धाकटी बहीण. त्यामुळे फी नव्हती आणि सल्ले भरपूर होते.

होणारा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. बहिणीने करार समोर ठेवताच त्याने हसत हसत सही ठोकली. वाचायचा चष्मा खिशातच राहिला.

"लग्न रद्द," मालकीण म्हणाली.

"अगं ताई, सही मिळाली ना!"

"पहिल्या वेळी मीही अशीच डोळे झाकून केली होती. घरात असं एक माणूस पुष्कळ झालं."

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणून केली," तो म्हणाला.

"विश्वास वाचून झाल्यावर ठेवायचा. घरी न्या."

बोलली कडक खरी, पण हा माणूस तिला मनापासून आवडला होता, आणि बहिणीने कलमंच अशी घातली होती की वाचून शहाण्याने पळ काढावा.

आठवडाभर तो फिरकला नाही. मालकिणीचं कामात लक्ष लागेना. एका निवृत्त मास्तरांना तिने त्यांच्या सुनेचा चष्मा दिला. त्यांना तो आवडलाही.

मग एका दुपारी तो आला. चष्मा नाकावर, कागदभर पेन्सिलीच्या खुणा. बहीण तिथेच बसली होती.

"दुकान तुमचं, घर तुमचं, मान्य. मी आजारी पडलो तर तुमच्यावर जबाबदारी नाही, तेही मान्य. पण खाली लिहिलंय, तुम्ही आजारी पडलात तर माझ्यावरही नाही. हे मला चालणार नाही. माझी सही खोडा."

"कलम दोघांना सारखंच लागतं," बहीण म्हणाली. "पद्धतच आहे तशी."

मालकिणीने पेन घेतलं आणि दोन्ही ओळींवर काट मारली.

"ताई, वरची कशाला? उद्या सगळं आजारपण तुझ्या गळ्यात पडेल!"

"पडू दे," मालकीण डोळे पुसत म्हणाली. "ह्यांची साखर मला ह्यांच्या आधी कळलीय. पहिल्यांदा डोळे तपासले तेव्हाच."