डागावर टेबल

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. अंग तांबडे, किनार निळी आणि स्वभाव जरा चिडका. का चिडका, ते ऐका म्हणजे कळेल.

दोन बहिणींनी गाठीवर गाठ मारून मला विणले. किनारीला त्यांनी दुहेरी गाठी घातल्या, म्हणून ती पायाला जाड लागते. पुढे मी या घराच्या बाहेरच्या खोलीत आलो. सुरुवातीला माझे काय लाड होते म्हणून सांगू! चपला घालून माझ्यावर पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती.

मग एकदा माझ्या किनारीवर दूध सांडले. आईने ब्रश घेऊन मला खसाखसा घासले. माझी लोकर पिंजारली आणि दूध आणखी आत मुरले. डाग काही जाईना, तेव्हा तिने सरळ टेबल ओढून त्यावर ठेवले. झाकली मूठ सव्वा लाखाची! घराला मग तीच सवय लागली. मुलीने सरबत सांडले, तिथे खुर्ची आली. बाबांनी शाई सांडली, तिथे कुंडी आली. सोफा तर सरकत सरकत दारात पोचला. पाहुण्यांना अंग चोरून आत यावे लागे.

हाल झाले ते आजोबांचे. त्यांना फार कमी दिसते. माझ्या किनारीवर तळवा ठेवत ते खाटेपासून खिडकीपर्यंत रोज जायचे आणि तिथे उन्हात बसायचे. किनारीवर टेबल आले आणि एका सकाळी ते त्याला अडखळून पडले. गुडघा टम्म सुजला. घरच्यांनी ठरवले, गालिच्यात पाय अडकला, रविवारी तो भंगारात द्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आजोबा हळूच म्हणाले, "अरे, याची किनार पायाला लागते म्हणून मी खिडकीशी जातो. हा गेला तर मी कशाच्या आधाराने चालू?"

पण रविवारचा बेत काही बदलला नाही. मला फार वाईट वाटले. माझ्यापेक्षा त्यांचेच.

रविवारी मला गुंडाळण्यासाठी बाबांनी सोफा उचलला आणि त्यांची कंबर धरली. कळवळून टेकायला गेले, तर टेबलावरचा चहाचा कप माझ्यावर उपडा झाला. वाकून घासणार कसे? त्यांनी चिडून एक जुना टॉवेल टाकला आणि त्यावर नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने पाय उचलला, तर चहा टॉवेलात!

त्यांनी आईला हाक मारली. "अगं, इतके दिवस आपण घासत बसलो. नुसतं दाबायचं होतं."

भंगारवाला हात हलवत परत गेला. मग काय, थंड पाण्यात चिमूटभर साबण, डागाच्या कडेकडून आत, आणि वर कोरडा टॉवेल. मुलगी त्यावर उभी राहून कविता पाठ करू लागली. मला तिच्या सगळ्या कविता येतात आता. सरबत गेले, शाई फिकटली, खुर्ची, कुंडी नि सोफा जागेवर गेले. दुधाचा डाग मात्र हटेना. सवयीने आईचा हात टेबलाकडे गेला, मग तिनेच तो मागे घेतला. "दिसतो तर दिसू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, सांडले तर घाबरू नका. घासू नका, झाकू तर मुळीच नका. लगेच कोरडे फडके ठेवा आणि दाबा. आणि हो, तेवढी माझी किनार मोकळी ठेवा. ऊन खिडकीत आले आहे, आजोबा आता उठतील.